विकणारा गाफील असतो

फेब्रुवारी २०२१ मधली गोष्ट. दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलीने घरातला जुना सोफा ओएलएक्सवर विकायला काढला. गिऱ्हाईक लगेच मिळालं, भावही ठरला. खातं बरोबर आहे ना हे बघण्यासाठी त्याने आधी थोडी रक्कम पाठवली आणि ती जमाही झाली. मग त्याने एक क्यूआर कोड पाठवला. हा स्कॅन केला की उरलेले पैसे तुमच्या खात्यात येतील, असं त्याचं म्हणणं. कोड स्कॅन झाला आणि खात्यातून २० हजार रुपये वजा झाले. चुकून दुसराच कोड गेला, असं सांगून त्याने आणखी एक पाठवला. त्यात १४ हजार गेले.

ही मुलगी आयआयटीत शिकलेली. म्हणून अशा बातम्यांखाली येणारा 'लोकांना अक्कल नाही' हा शेरा चुकीचा आणि अन्यायाचाही आहे. फसवणूक अज्ञानावर चालत नाही, ती माणसाच्या भूमिकेवर चालते. विकत घेणारा सावध असतो, कारण पैसे त्याच्या खिशातून जाणार असतात. तो गाडीखाली वाकून बघतो, मेकॅनिक घेऊन येतो, किलोमीटरचा आकडा खरा आहे का विचारतो. विकणाऱ्याच्या मनात मात्र एकच हिशेब पक्का असतो: पैसे येणार आहेत ते माझ्याकडे, मग माझं काय जाणार? तो गाफील असतो तो इथेच, आणि समोरच्याला नेमकी हीच जागा ठाऊक असते.

सोफ्याच्या जागी गाडी आली की आकडा लाखांत जातो, आणि पैशाशिवाय आणखी दोन गोष्टी पणाला लागतात. एक, खुद्द गाडी. दुसरी, आरसी बुकावरचं नाव.

चेन्नई हे गाड्या बनवणारं शहर आहे. एन्नोरला अशोक लेलँड, श्रीपेरुम्बुदूरजवळ ह्युंदाई, ओरगडमला रेनॉ-निस्सान. त्यामुळे चाकण-पिंपरी आणि चेन्नई यांच्यामध्ये मराठी इंजिनिअरांची ये-जा सतत चालू असते. शिवाय आयटीतली मंडळी आहेत, बँकांतली बदलीवाली आहेत, आणि तमिळनाडूतल्या पेठांत सोन्या-चांदीच्या गलाईचा धंदा करणारी खानापूर-आटपाडीकडची कुटुंबंही आहेत. बदलीची ऑर्डर हातात पडली की घर आवरायला दोन-तीन आठवडे मिळतात, आणि त्यातच गाडी विकायची असते. पूर्वी हे काम ओळखीचा मेकॅनिक, कॉलनीतला दलाल किंवा रविवारच्या पेपरातली छोटी जाहिरात करत असे. आता फोनवर पाच फोटो टाकले की तासाभरात फोन सुरू होतात. बहुतेक फोन तमिळमध्ये असतात आणि मराठी माणूस तिथे अडखळतो. तेवढ्यात एक फोन स्वच्छ हिंदीत येतो. बोलणारा अदबीचा, शिस्तीचा. ऐकणाऱ्याला हायसं वाटतं.

हे हायसं वाटणं धोक्याचं आहे.

फोनवरचा माणूस सैन्यात किंवा सीआयएसएफमध्ये असल्याचं सांगतो. चेन्नईत हे सहज पटतं. परंगीमलैला, म्हणजे सेंट थॉमस माउंटला, लष्कराची अधिकारी प्रशिक्षण अकादमी आहे, तांबरमला हवाई दलाचा तळ आहे आणि मीनंबाक्कमच्या विमानतळावर सीआयएसएफचे जवान रोज दिसतात. तो व्हॉट्सअॅपवर गणवेशातला फोटो, ओळखपत्र, आधार, कँटीनचं कार्ड असं सगळं पाठवतो. ही कागदपत्रं बहुधा खऱ्याच कुणाची तरी, आधी कुठून तरी उचललेली असतात. तो भावात घासाघीस करत नाही. गाडी बघायलाही येत नाही, ड्यूटीमुळे सुट्टी नाही म्हणतो आणि आपला माणूस ट्रक घेऊन येईल असं सांगतो. खरं तर इथेच थांबायला हवं. चार लाखांची जुनी गाडी न बघता, एक रुपयाही कमी न करता घेणारं गिऱ्हाईक अख्ख्या बाजारात नसतं.

मग येतो पैशाचा भाग. आमच्याकडे पेमेंट लष्कराच्या खात्यातून होतं, त्याची पद्धत वेगळी आहे, असं तो सांगतो. आधी तुम्ही पाच रुपये पाठवा, दहा परत येतील. पाच पाठवले की खरोखरच दहा येतात. मग पाचशेला हजार, तेही येतात. विश्वास बसला की टोकनचा मोठा आकडा असलेला कोड येतो, आणि या वेळी काहीच परत येत नाही. तक्रार केली की 'सिस्टीम अडकली आहे, तेवढीच रक्कम पुन्हा टाका म्हणजे दोन्ही मोकळ्या होतील' असं उत्तर मिळतं. गेलेले पैसे सोडवण्यासाठी माणूस आणखी पैसे टाकतो. पहिल्या फटक्यापेक्षा हा दुसरा आणि तिसरा फटका जास्त मोठा असतो.

तंत्राच्या अंगाने बघितलं तर यात गुंतागुंत काहीच नाही. यूपीआय २०१६ साली सुरू झालं तेव्हापासून त्याचा एक नियम बदललेला नाही: पिन लागतो तो पैसे देताना. घेताना पिन लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही, कुठल्याही लिंकवर बोट ठेवावं लागत नाही. घेणाऱ्याने आपला यूपीआय आयडी सांगितला की त्याचं काम संपलं. फोनवर समोरचा सतत बोलत ठेवतो, त्यामुळे पडद्यावर आलेलं 'पे' हे बटण डोळ्यांना दिसूनही मनापर्यंत पोहोचत नाही. पैसे मागण्याची विनंती पाठवून ती मंजूर करून घेणं ही यातलीच जुनी युक्ती. तिचा इतका गैरवापर झाला की यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने व्यक्तीने व्यक्तीकडे अशी विनंती पाठवण्याची सोयच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. हा निर्णय चांगलाच झाला, पण क्यूआर कोडची वाट उघडीच आहे.

आणखी एक आकडा गाडी विकणाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगा आहे. एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयने दिवसाला साधारण एक लाख रुपयेच जातात. मोठी रक्कम आयएमपीएसने पाच लाखांपर्यंत जाते, किंवा एनईएफटीने. आरटीजीएस तर दोन लाखांपासूनच सुरू होतं. 'साडेचार लाख एकदम जीपे केलेत, स्क्रीनशॉट बघा' असं कुणी म्हणालं तर स्क्रीनशॉट उघडण्याचीही गरज नाही.

असे फोन करणारे कोण असतात? २०२० च्या अखेरीस चेन्नई पोलिसांच्या केंद्रीय गुन्हे शाखेच्या पथकाने राजस्थानातल्या भरतपूर जिल्ह्यातून दोघांना पकडून आणलं. सैन्यातले असल्याची बतावणी करून ओएलएक्सवरच्या गाड्यांच्या व्यवहारात चेन्नईकरांना फसवल्याचा त्यांच्यावर आरोप होता. राजस्थान, हरियाणा आणि उत्तर प्रदेश जिथे भेटतात तो हा मेवातचा पट्टा. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणा पोलिसांचे सुमारे पाच हजार जण एकाच रात्री नूह जिल्ह्यातल्या १४ गावांत शिरले. त्यातून पुढे आलेल्या माहितीनुसार देशभरातले जवळपास २८ हजार लोक फसले होते आणि रक्कम १०० कोटींच्या वर होती. पलीकडे भरतपूर-डीग भागात राजस्थान पोलिसांनी २०२४ मध्ये 'ऑपरेशन अँटिव्हायरस' सुरू केलं. दुसऱ्याच्या नावावरची सिम कार्डं, भाड्याने घेतलेली बँक खाती आणि पाठ केलेले संवाद एवढंच त्या धंद्याचं भांडवल. फोनवर बोलणाऱ्यासाठी चेन्नईतला गाडी विकणारा म्हणजे दिवसभरातल्या अनेक फोनांपैकी एक फोन असतो.

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२४ या एका वर्षात भारतीयांनी सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गमावले. यात गाड्यांचे व्यवहार वेगळे काढलेले नाहीत, पण आदल्या वर्षीचा आकडा ७,४६५ कोटी होता. म्हणजे वर्षभरात तिप्पट.

क्यूआर कोडचा प्रकार बराच गाजला असल्याने आता पुष्कळांना माहीत आहे. त्याहून अवघड डाव तीन माणसांचा. तो नीट समजून घ्यायला हवा, कारण त्यात विकणारा आणि घेणारा हे दोघेही खरे असतात आणि दोघेही फसतात.

समजा, वेलचेरीत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने आपली वॅगनआर साडेचार लाखांना काढली. एक मधला माणूस जाहिरातीतले फोटो उचलतो आणि तीच गाडी दुसऱ्या ठिकाणी साडेतीन लाखांना टाकतो. तांबरमच्या एका खऱ्या गिऱ्हाइकाला हा भाव फार आवडतो. मधला त्याला सांगतो, गाडी माझ्या मेहुण्याकडे उभी आहे, जाऊन बघून या, पण त्याच्याशी पैशाचं बोलू नका, आमचा घरचा हिशेब आहे. इकडे वेलचेरीत तो सांगतो, माझा भाऊ गाडी बघायला येतोय, त्याला भेट द्यायची आहे, किंमत त्याला कळता कामा नये, पैसे मीच पाठवणार. रविवारी सकाळी तांबरमचा माणूस येतो. बॉनेट उघडलं जातं, एक चक्कर मारून होते, कॉफीही होते. दोघेही दिलेला शब्द पाळतात आणि पैशाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. गिऱ्हाईक तिथेच उभं राहून मधल्याच्या खात्यात साडेतीन लाख पाठवतं. विकणाऱ्याच्या व्हॉट्सअॅपवर साडेचार लाखांच्या एनईएफटीची पावती येते, ती बनावट असते. थोड्या वेळाने गाडीच्या दोन बाजूंना दोन प्रामाणिक माणसं एकमेकांना चोर समजून भांडत उभी असतात आणि मधल्याचा फोन बंद असतो.

हा डाव मोडायला कुठलंही तंत्र लागत नाही. गाडी बघायला आलेल्या माणसासमोर मोठ्याने विचारायचं: 'तुम्हाला किंमत किती सांगितली आहे? पैसे कुणाच्या खात्यातून येणार?' एवढ्याने सगळा बनाव उघडा पडतो. संकोचामुळे हे विचारलं जात नाही. पैशाचं तोंडावर बोलू नये हे आपलं वळण आहे आणि मधला माणूस त्याचाच वापर करतो. ज्याच्या नावावर गाडी होणार, ओळखपत्र त्याचंच हवं आणि पैसेही त्याच्याच खात्यातून यायला हवेत. कुटुंबातल्या दुसऱ्याचे पैसे असतील तर त्या व्यक्तीने समोर येऊन तसं लिहून द्यावं. याला आणखी एक कारण आहे. अनोळखी खात्यातून आलेली रक्कम खरी असली तरी ती दुसऱ्या कुणाकडून लुटलेली असू शकते. त्या माणसाने तक्रार केली की पैशाच्या वाटेवरची खाती गोठवली जातात, आणि त्यात गाडी विकणाऱ्याचं पगाराचं खातंही येतं. ते मोकळं करून घेण्यासाठी मग परराज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं.

पैसे आले की नाही, हे बघण्याची जागा एकच: आपल्या बँकेचं अॅप किंवा नेट बँकिंग, तेही स्वतः उघडलेलं. एसएमएस हा पुरावा नाही, स्क्रीनशॉट तर नाहीच. हुबेहूब पेमेंट झाल्यासारखा पडदा आणि हिरवी खूण दाखवणारी बनावट अॅप फोनमध्ये ठेवून फिरणारे लोक दुकानदारांनाही फसवतात. 'चुकून २० हजार जास्त गेले, तेवढे परत करा' हाही याच जातीचा प्रकार. आधी शिल्लक बघावी. रक्कम खरंच जास्त आली असेल तर परत करण्याचं काम बँकेमार्फत करावं, फोनवरच्या माणसाच्या घाईने करू नये.

चेक आणि डीडीबद्दल लोकांच्या मनात अजून जुना आदर आहे. चेकचा कागद न हलवता त्याची प्रतिमा पाठवून वटवण्याची पद्धत चेन्नईत मुंबईच्याही आधी, सप्टेंबर २०११ मध्ये आली, आणि ४ ऑक्टोबर २०२५ पासून बँकांत भरलेले चेक दिवसभर अखंडपणे, त्याच दिवशी वटवायला सुरुवात झाली आहे. त्यामुळे चेक घेऊन तो वटेपर्यंत गाडी दारात उभी ठेवणं आता पूर्वीइतकं जिकिरीचं राहिलेलं नाही. डीडी बनावट असू शकतो. शनिवारी संध्याकाळी डीडी घेऊन येणाऱ्याला सोमवारी बँकेच्या वेळात यायला सांगावं आणि जमलं तर त्याच्याच बँकेच्या शाखेत भेटावं. रोख रकमेलाही मर्यादा आहे: एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला २०१७ पासून आयकर कायद्यानुसार तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

परदेशातल्या मराठी घरांनाही हे चुकलेलं नाही. अमेरिकेतून कायमचं परत येताना गाडी विकणाऱ्याला ठरलेल्या किमतीपेक्षा जास्तीचा बँकेचा चेक येतो आणि वरचे पैसे गाडी नेणाऱ्या कंपनीला पाठवा असं सांगितलं जातं. तिथल्या बँका चेक खरा ठरण्याआधीच रक्कम खात्यात दाखवतात. तो खोटा असल्याचं काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी कळतं, तोवर वरचे पैसे निघून गेलेले असतात. दुसरा प्रकार म्हणजे गिऱ्हाईक एका ठरावीक संकेतस्थळावरूनच गाडीच्या इतिहासाचा अहवाल विकत घ्यायला सांगतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. अहवालाची किंमत वीस डॉलर असते, पण खरी चोरी कार्डाच्या माहितीची होते. आपल्याकडे त्याचा भाऊबंद म्हणजे वाहतूक खात्याच्या किंवा चलनाच्या नावाने व्हॉट्सअॅपवर येणारी एपीके फाइल. २०२४ पासून ती देशभर फिरते आहे. गाडीचा व्यवहार चालू असताना 'आरटीओ' हे नाव दिसलं की माणूस ती उघडतो, आणि त्याचे ओटीपी परस्पर दुसरीकडे जाऊ लागतात.

पैसे मिळाले आणि गाडी गेली, तरी विकणाऱ्याचा व्यवहार संपत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार गाडी त्याच राज्यात विकली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० असतात, आणि गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ वर एनओसी. एमएच पासिंगची गाडी चेन्नईत विकणाऱ्याला ही एनओसी आपल्या मूळ आरटीओकडून आणावी लागते. टीएन-०७ म्हणजे तिरुवान्मियूर किंवा टीएन-०९ म्हणजे के. के. नगर, अशा तिथल्या कार्यालयात पुढची नोंद होते. हा वेळखाऊ भाग टाळण्यासाठी लोक कोऱ्या फॉर्मवर सह्या करून एजंटच्या हातात देतात. असं कधीही करू नये. गाडी पुढे तीन हातांतून गेली तरी कागदावर पहिलाच मालक राहतो.

फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर नेमकं असंच प्रकरण आलं. अपघात झाला तेव्हा गाडी विकून बराच काळ लोटला होता आणि ती एकाहून अधिक हातांतून गेली होती. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालाने नुकसानभरपाईची जबाबदारी आरटीओच्या दफ्तरात नाव असलेल्या मालकावरच ठेवली. १० नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ ज्या आय-ट्वेंटी गाडीत स्फोट झाला, तिच्या तपासात पोलिसांनी सुरुवातीलाच गाठलं ते गुरुग्राममधल्या नोंदणीकृत मालकाला. त्याने ती गाडी आधीच विकलेली होती. जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी केंद्राने एप्रिल २०२३ पासून अधिकृत परवाना आणि गाडी ताब्यात घेतल्याची ऑनलाइन नोंद बंधनकारक केली आहे. डीलरला गाडी देताना तो परवाना मागायला लाजू नये.

किल्ली देताना तारीख, वेळ, किलोमीटरचा आकडा आणि घेणाऱ्याची सही असलेली पावती दोन प्रतींत करावी. फास्टॅग बंद करावा, नाहीतर घेणाऱ्याच्या प्रवासाचा टोल विकणाऱ्याच्या खात्यातून कटत राहतो. परिवहनच्या संकेतस्थळावर नवीन मालकाची नोंद झाली का, हे महिन्याभरात स्वतः बघावं. चक्कर मारून बघायला गाडी देताना शेजारच्या सीटवर बसावं. मोटारसायकल असेल तर निदान मूळ ओळखपत्र आणि तो ज्या वाहनाने आला त्याची किल्ली आपल्याकडे ठेवावी.

आणि एवढं करूनही पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० या क्रमांकावर करावा. तो देशभर चालतो, मग माणूस चेन्नईत असो की चिपळुणात. सोबत व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ आणि आपल्या बँकेचं नाव तयार ठेवावं. तक्रार नोंदली की ती पैसे गेलेल्या बँकेकडे पोहोचते आणि रक्कम अजून खात्यात असेल तर तिथेच अडवली जाते. चोर ती काही मिनिटांत चार-पाच खात्यांत वाटून एटीएममधून काढायला लागतात, त्यामुळे नातेवाइकांना विचारत घालवलेला अर्धा तासही महाग पडतो. मग सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर लेखी तक्रार करावी, बँकेला लेखी कळवावं आणि व्हॉट्सअॅपवरचं संभाषण, कोडचा फोटो, कॉल लॉग यातलं काहीही पुसू नये. रागाच्या भरात तो नंबर ब्लॉक करून सगळं डिलीट करणारे बरेच असतात, आणि नंतर पोलिसांना दाखवायला त्यांच्या हातात काहीच उरत नाही.